गुरंराख्याचे कान

“पोरी, चपला तिकडं बांधापल्याड काढ. ह्यो देव न्हाय, पर आमाला देवापरीस थोरला हाय.”

मला रागच आला. पौषातली थंडी, हरभऱ्याच्या रानातली गार ढेकळं, आणि हा म्हातारा मला अनवाणी उभं करतोय! पण खांबेटे सरांनी डोळ्यांनीच दटावलं, म्हणून चपला काढल्या आणि त्या दगडापुढे पोतं टाकून बसले. बसता बसता पुटपुटलेच, “दगडाला काय कळतंय माझ्या चपलांचं!”

म्हाताऱ्याचे कान तिखट होते. तो हसला. “दगडाला न्हाय कळत. मला कळतंय न्हवं?”

ते रंगूतात्या खिलारे. माणदेशाच्या कडेला हिवरटेक नावाचं गाव, तिथले. साठी ओलांडलेले, काटक, डोक्याला भलंमोठं पागोटं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. चित्रकलेची पदविका घेऊन पुण्यात घरी बसले होते आणि सरांच्या नव्या पुस्तकाची चित्रं काढायचं काम मला नुकतंच मिळालं होतं. सर म्हणजे दगडांनी झपाटलेला माणूस. वीरगळ, सतीशिळा, पडकी देवळं, कुठल्या रानात काय उभं आहे ते त्यांना तोंडपाठ. लिहायचेही असे की पानवाल्यालाही कळावं, मधून मधून कोपरखळ्या मारत. पुस्तकं हातोहात खपायची. अशा पुस्तकावर ‘चित्रे : निर्मला घारपुरे’ असं छापून येणार, एवढ्यासाठी मी ढेकळांवरच काय, बाभळीच्या काट्यांवरही बसले असते.

दगड कमरेएवढा होता. गावात त्याला गुरंराख्या म्हणत. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजून सपाट झालेला पट्टा, आणि खाली, अगदी मातीलगत, एक जनावर. जनावराच्या पोटाखाली कोणी माणूस आडवं पडलेलं. दगडाचा उजवा अर्धा भाग बांधाच्या मातीत शिरलेला, आणि खालचाही हातभर भाग गाडलेला. सगळ्यावर शेंदराचा जाड लेप. फोटोत नुसता तांबडा गोळा दिसायचा, म्हणून तर मला नेलेलं.

“तात्या, जरा खालची माती काढली तर?” सरांनी विचारलं.

“न्हाय जमायचं साहेब. त्येच्या पायाखालची माती कुनी काढत न्हाय. आज्यानं सांगितलंय, बानं सांगितलंय.”

“बरं, हा गुरंराख्या म्हणजे कोण?”

“आमचाच कुनीतरी. गुरं राखायचा म्हनं. लई मागचं हाय, येवडंच ठावं.” मग त्यांची छाती जरा फुगली. “बेंदराला गावच्या बैलांची मिरवणूक निघती ना, ती ह्येला येढा घालून जाती. आन् म्होरं कुनाची जोडी? खिलाऱ्याची. सरपंच का असंना, त्येची जोडी आमच्या मागं. ह्यो मान हाय आमचा. दुसरं काय बी न्हाय आमच्याकडं, पर ह्यो हाय.”

मी सुतळीची चौकट लावली, दगड ओला केला आणि चित्र काढायला घेतलं. जनावराच्या डोक्यापाशी अडले. तिथे दोन उंचवटे होते, बोटाएवढे, वर जाता जाता दगडात विरून गेलेले. कान असतील, शिंगं असतील, काहीही असेल. आमच्या कामाचा नियम साधा असतो. जे दिसतं ते सलग रेघेने काढायचं, जे झिजलंय ते तुटक रेघेने. मी तुटक काढलं.

परतीच्या एसटीत सर खुशीत होते. “अगं, ही गधेगाळ आहे! पूर्वी राजा कोणाला जमीन दान द्यायचा ना, तेव्हा असा दगड रोवायचा. जो ही जमीन बळकावील त्याच्या आईला गाढव लागो, अशी सरळ शिवी! वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. आणि ही माणसं त्यालाच नारळ फोडतायत.”

“पण सर, गाढव आहे असं...”

“कान लांब वाटतात की नाही तुला?”

एसटी खड्ड्यातून उडाली. मी वहीतल्या चित्राकडे पाहिलं, सरांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“वाटतात,” म्हणाले.

“मग काढ की सलग. तुटक रेघा छपाईच्या ब्लॉकमध्ये तशाही भरून येतात, नुसती घाण दिसते.”

घरी टेबलावर बसून मी ते दोन कान काढले. लांब, टोकदार, सुरेख. माझी रेघ चांगलीच होती, ते आजही सांगते. सरांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर हवेत होते.

पुस्तक मे महिन्यात आलं. आषाढात बेंदूर. मी ठरवलं, एक प्रत तात्यांना स्वतः नेऊन द्यायची. त्यांचा दगड पुस्तकात आलाय, केवढा आनंद होईल! मूर्ख मुलगी. खाकी कागदात प्रत गुंडाळली, वर लाल रिबीन बांधली आणि पहाटेची एसटी पकडली.

फाट्यावर उतरले तर पिंपळाच्या पारावर चार-पाच बाप्ये बसलेले. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, “आली बग, गाढवाची चित्रं काढनारी बाई.” आणि कोणीतरी गाढवासारखं ओरडलं. सगळे खदखदून हसले. मला वाटलं, टवाळ आहेत मेले. एक जळजळीत कटाक्ष टाकून मी पुढे झाले.

तात्यांच्या दारात पाखऱ्या आणि हरण्या, त्यांची खिलारी जोडी, नटून उभी होती. शिंगांना हिंगूळ लावलेला, अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळा. पण दारात सणाची गडबड नव्हती. त्यांची बायको सोनाकाकी मला बघून आत निघून गेली. तात्या उठले. पागोटं नीट केलं.

“आलीस? बरं झालं. मी सांगावाच धाडनार व्हतो.”

मी पुडकं पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही.

“गुरुजींकडं हाय एक. गावानं वाचलंय. मला वाचता येत न्हाय, आन् वाचून कुनी सांगत न्हाय. तोंडावर हसत्यात नुसती. सुनंला म्हनलं वाच, तर ती रडाय लागली. तू वाच.”

“तात्या, नंतर...”

“आत्ता वाच.”

मी रिबीन सोडली. पान काढलं. माझं चित्र अर्धं पान भरून होतं. खाली सरांचा मजकूर. मी वाचायला लागले. “‘हिवरटेकचा गुरंराख्या ही प्रत्यक्षात गधेगाळ आहे...’” पुढची शिवी आली आणि माझी जीभ अडखळली. वडिलांच्या वयाचा माणूस समोर. आत काकी ऐकत असणार.

“थांबू नगंस.”

वाचली. कानशिलं तापली माझी. मग सरांची कोपरखळी आली, उद्गारचिन्हासकट. “‘जिथे गधेगाळ, तिथे कोणीतरी कोणाची तरी जमीन लाटलेली असणार, हे ओघाने आलेच! आणि गंमत पाहा, ज्यांच्या रानात ही शिवी उभी आहे, तेच तिला शेंदूर फासतात!’”

हे वाक्य मी पुण्यात वाचलं होतं तेव्हा हसले होते.

तात्या खाली टेकले. मग म्हणाले, “म्हंजी असं हाय तर. गावात म्हनत्यात, खिलाऱ्यांच्या मूळ पुरुषानं जमीन लाटली, म्हनून राजानं त्येच्या आईला दगडात शिवी घातली. आन् तीच आमी पिढ्यान् पिढ्या पुजली. आज मिरवणुकीत म्होरं घार्ग्यांची जोडी हाय. मान गेला आमचा. बायकांनी तर त्या रानातनं जायचंच टाकलंय.”

“तात्या, सरांना असं काही म्हणायचं नव्हतं.”

“ते ऱ्हाऊ दे.” त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. “हे कान. हे तू काढलंस?”

“हो.”

“तुला दिसलं व्हतं?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की नाही जमलं. “नाही तात्या. तिथं झिजलंय. मी अंदाजाने काढले.”

तात्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं होतं चिडतील, अंगावर येतील. ते तर उभेच राहिले. “आगं सोने, आइकलंस का? कान न्हाईतच! पोरीनं मनानं काढल्यात!” आणि माझं मनगट धरून म्हणाले, “चल. मिरवणूक निघायची हाय. चावडीवर सगळा गाव हाय. येवडंच सांगायचं, कान मला दिसलं न्हाईत. बास. दुसरं काय बी नगं.”

चावडी काही लांब नव्हती. तेवढ्या वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं! मी हे बोलले की ते पुण्यात पोचणार. सरांचं पुस्तक खोटं ठरणार, आणि ते माझ्या कानांमुळे. दुसऱ्या पुस्तकाची चित्रं मला मिळणार होती, ती गेलीच. जी मुलगी दगडात नसलेलं काढते, तिला पुन्हा कोण बोलावणार? तात्या पुढे झपाझपा चालत होते, तरण्या गड्यासारखे.

चावडीसमोर वीस-पंचवीस जोड्या उभ्या होत्या. हलगी वाजत होती ती थांबली. उपसरपंच दौलतराव घार्गे पायरीवर बसले होते, शेजारी शेडगे गुरुजी. गुरुजींच्या मांडीवर पुस्तक.

“मंडळी, जरा आइका!” तात्या ओरडले. “ह्या बाईंनी चित्र काढलंय. त्या सोता सांगत्यात.”

दौलतराव सभ्यपणे म्हणाले, “बोला बाई. आमाला काय हौस न्हाय कुनाचा मान काढायची. पर छापून आलंय. छापल्यालं खोटं कसं म्हनायचं? पुस्तकात हाय ते चुकीचं हाय का? व्हय का न्हाय, येवडं सांगा.”

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. तात्या बघत होते. चार शब्दांचं काम. मी घसा खाकरला आणि म्हणाले,

“सर मोठे अभ्यासक आहेत. दगड झिजलेला आहे. त्यामुळे... निश्चित काही सांगता येत नाही.”

हे आमच्याकडचं वाक्य. अभ्यासक लोक दिवसातून दहा वेळा म्हणतात. त्यात खोटं काहीच नसतं. म्हणूनच मी ते धरलं, बुडत्याने काडी धरावी तसं.

“म्हणजे चुकीचं आहे असं तुम्ही म्हणत नाही,” गुरुजी म्हणाले.

“तसं... निश्चित म्हणता येणार नाही.”

“मिटलं मग,” दौलतराव उठले. “वाजीव रं हलगी.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील, ‘आत्ता घरी काय बोललीस?’ ओरडायला हवं होतं त्यांनी. ते फक्त म्हणाले, “तू तरी काय करशील, पोरी,” आणि माघारी फिरले.

मी मागोमाग गेले, कशाला ते माहीत नाही. तात्यांनी बैलांच्या झुली उतरवल्या. घुंगरमाळा काढल्या. मग बादली घेतली आणि शिंगांचा हिंगूळ धुवायला लागले. सणाच्या दिवशी, मिरवणूक निघायच्या आधी. हिंगूळ लवकर निघत नाही. घासत होते, घासत होते. पाखऱ्या मान हलवत होता, त्याला वाटत असेल खेळ चाललाय. लांबून हलगीचा आवाज येत होता. सोनाकाकी उंबऱ्यात बसून तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला ‘जा’ असंही कोणी म्हणालं नाही. मी आपली आपण निघाले.

आज माझ्या घरात मला सगळे भांडकुदळ म्हणतात. खरंच आहे ते. रिक्षावाला, वाणी, बँकेतला साहेब, कोणालाही सोडत नाही मी. सून म्हणते, आईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पळा. पण त्या एका दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं, हे तिला ठाऊक नाही.

भाद्रपदात, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, एक कार्ड आलं. अक्षर तात्यांच्या सुनेचं, शब्द तात्यांचे. “गुरंराख्याच्या पायाखालची माती म्या माज्या हातानं काढली. बांद बी फोडला. गाई हायत. सात. शिंगं हायत. तू ये आन् डोळ्यांनी बग आन् चावडीवर सांग. सायबाला बी आन. वाट बगतो.”

मी कार्ड घेऊन सरांकडे पळाले. सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. “सात गाई? म्हणजे वीरगळ, लढून पडलेल्याच्या आठवणीचा दगड. गुरं राखताना मेलेला माणूस.” थोड्या वेळाने म्हणाले, “नावातच होतं गं. गुरंराख्या. आपण विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि आपण ऐकलं नाही.”

“उद्याच जाऊ या सर.”

“उद्यापासून मंडळांची व्याख्यानं आहेत माझी, दहाही दिवस. अनंत चतुर्दशी झाली की लगेच निघू. मी स्वतः चूक कबूल करीन.”

मी एकटी जाऊ शकले असते. एसटी होती, वाट ठाऊक होती. पण मला वाटलं, सर बरोबर असले म्हणजे शब्दाला वजन येईल. आणि खरं सांगायचं तर, सरांच्या आडोशाला उभं राहिलं की मला बोलावं लागणार नव्हतं. कार्डाला उत्तरही पाठवलं नाही. जाणारच आहोत की, म्हटलं.

गेलो तेव्हा पितृपक्ष लागला होता. फाट्यावरून रानातली वाट आधी लागते, म्हणून थेट दगडाकडे गेलो. बांध फोडलेला. भोवती गुडघाभर खड्डा, त्यात पावसाचं पाणी. आणि दगड पहिल्यांदाच पूर्ण दिसत होता. खाली गाई एकामागे एक, सातच्या सात. पहिलीचं डोकं तेवढं झिजलेलं, बाकीच्या मातीने जपलेल्या, काल कोरल्यासारख्या. त्या प्रत्येकीची शिंगं बाहेर वळलेली. पहिलीच्या पोटाखाली आडवं पडलेलं माणूस बाई नव्हतंच. त्याला मिशा होत्या. हातात तलवार होती.

सर चिखलात मटकन बसले. “चुकलो गं, निर्मला.”

“तुम्ही विचारलं होतं, कान वाटतात का. मी ‘वाटतात’ म्हणाले. मला दिसले नव्हते सर.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरी गेलो. सोनाकाकी दारात बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिथेच भिंतीला टेकले.

“बारा दिस झालं,” काकी म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. “कार्ड टाकल्यापास्नं रोज एसटीच्या टायमाला फाट्यावर जाऊन बसायचं. पाऊस असूं दे, काय असूं दे. अंगात ताप भरला तरी घोंगडं घेऊन गेलं. म्हनायचं, पोरगी येनार, तिला वाट घावायची न्हाय.” जरा थांबून म्हणाल्या, “मी म्हनलं व्हतं, त्येचं पाय उघडं करू नगा. आइकलं न्हाय. म्हनून न्हेलं त्येनं.”

“काकी, असं नका म्हणू. हे माझ्यामुळे झालं.”

काकींनी पदर खोचला आणि उठल्या. “चल. त्येनी आइकलं न्हाय, गाव तरी आइकू दे.”

चावडीवर दौलतराव होते, गुरुजी होते, आणखी दहा-बारा जण होते. काकी पायरी चढल्या नाहीत, खालीच थांबल्या. सर बोलायला पुढे झाले, मी त्यांना हाताने थांबवलं.

“मला कान दिसले नव्हते,” मी म्हणाले. “दगडात कान नव्हतेच. मी मनाने काढले. बेंदराच्या दिवशी मला हे ठाऊक होतं. तात्यांना मी घरी सांगितलं होतं, आणि इथे येऊन तोंड शिवलं. खिलाऱ्यांनी कोणाची जमीन लाटली नाही. त्यांचा माणूस या गावाची गुरं राखताना मेला. चूक माझी आहे.”

गुरुजी नखं बघत बसले. दौलतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“गाई बगितल्यात बाई समद्यांनी,” ते हळू म्हणाले. “तात्या गेल्यावर बगितल्यात. म्होरल्या बेंदराला मान खिलाऱ्यांचाच, ठरलंय आमचं. आता तुमी सांगून तरी काय. बसा. लांबनं आलाय.”

कोणीतरी चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. मी खाली पाहिलं. काकी तशाच उभ्या होत्या, पदर डोक्यावर घट्ट ओढून. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणखी मोठ्याने, “मला कान दिसले नव्हते. दगडात कान...”

“बाई,” दौलतराव म्हणाले, “च्या निवतोय.”